तिसऱ्या पाण्याची बाग

कानाझावात, नदीच्या अलीकडच्या गल्लीत
कजितानीबाईंचं दुकान. चहाच्या देठांची भट्टी,
वळणापर्यंत खरपूस वास.
दुकान पुढे, घर मागे,
मध्ये बोळकंडीएवढं अंगण:
लांबी माझी सहा पावलं, रुंदी चार,
वर आभाळाचा तेवढाच तुकडा.

मी नकाशा पसरला. तांबडा मेपल, दगडी दिवा,
कोपऱ्यात पाण्याचं कुंड, अझेलियाची रांग.
बाईंनी पाहिला. काही म्हणाल्या नाहीत.
किटलीखालची आच कमी केली.
(विकतात भाजका, स्वतः पितात हिरवा.)

पहिलं पाणी. जिभेला चिमटा काढणारं,
नव्या पाहुण्यासारखं बोलकं.
दुसरं पाणी, त्याच पानांवर.
चव आता टाळूला टेकून बसली.
मग बराच वेळ गेला; एक गिऱ्हाईक येऊन
शंभर ग्रॅमची पुडी घेऊन गेलं.
तिसरं पाणी.
जवळजवळ पाणीच. पेला रिकामा झाल्यावर कळलं,
पाणी नव्हतं.
"अशी," त्या म्हणाल्या, "अशी बाग पाहिजे मला."

मग मी महिनाभर खोडत बसलो.
आधी मेपल गेला; शरदात तो स्वतःकडेच बोट दाखवतो.
मग अझेलिया. मग कुंड.
दिव्यावरून माझी माझ्याशीच दोन रात्री हुज्जत.
तेवढ्यात ओसाकाहून त्यांच्या माकितोचा फोन:
दिवा हवाच, खालून उजेड सोडा,
पर्यटक फोटो काढतील.
बाई म्हणाल्या, हो म्हणा त्याला.
फोनवर हो म्हणायला काय जातं.

उरलं शेवाळ, तीन नेचे,
पन्हळीचं पाणी उतरायला एक साखळी
आणि गॅसचा मीटर.

मीटर हलेना. कंपनीचा नियम.
करडा, भिंतीच्या अगदी मधोमध,
शांततेच्या छातीवर शिपायाच्या बिल्ल्यासारखा.
मी बांबूची ताटी बांधली, काळ्या दोरीच्या गाठी मारून,
तिला वीतभर खिडकी ठेवली,
कारण दर महिन्याच्या अकरा तारखेला
सुगिमोरी नावाचा पोरगा आकडे टिपायला येतो:
उंच, कायम घाईत,
चार ढांगांत अंगण पार.

आता पायदगड मांडायचे, ते कुणाच्या पावलानं?
रोज चालणार त्या. वय शहात्तर, डावा गुडघा दुखरा.
ओल्या मातीवरून मी त्यांना चालायला सांगितलं,
भट्टीपासून स्वयंपाकघरापर्यंत, हातात रिकामा ट्रे.
म्हणाल्या, रिकाम्या हातानं चाल खोटी पडते.
आत जाऊन दोन भरलेले पेले घेऊन आल्या.
दोन का, ते मी विचारलं नाही.

जवळजवळ उमटत गेलेली पावलं. मध्ये एके ठिकाणी
दोन्ही शेजारी शेजारी, जरा खोल.
तिथे त्या थांबल्या होत्या;
चहा हिंदकळला म्हणून, की आणखी कशासाठी.
सगळ्यांत रुंद दगड मी तिथे बसवला.

अकरा तारीख. सुगिमोरी आला.
पहिल्या दगडावर पाय, दुसरा चुकला,
शेवाळावर पडणारं पाऊल
वरच्या वर मागे घेतलं.
मग खाली बघत, उथळ पाण्यातल्या बगळ्यासारखा
एकेक.
रुंद दगडावर येऊन उभा राहिला.
साखळीवरून रात्रीच्या बर्फाचं पाणी
कडीकडीनं उतरत होतं.
मी ताटीची एक सैल गाठ पुन्हा आवळली,
पुन्हा सोडली.
तो निघाला, दारापर्यंत पोचला,
आणि कपाळावर हात मारून परत फिरला:
आकडे टिपायचेच राहिले होते.

आतून बाईंचा आवाज:
"परत आलाच आहेस तर बस.
तिसरं पाणी आहे हं. चालेल ना?"